चाळीस डोस

मी गोचिडी पाळते.
सशाच्या कानांना कापडी पिशव्या चिकटवून
त्यांना पोटभर जेवू घालते,
काचेच्या नळ्यांत त्यांची बाळंतपणं करते
आणि महिनाअखेरीस त्याचा पगार घेते.

बापाला हे नीट सांगितलेलं नाही.
त्यानं जन्मभर गाईंच्या कासेखालून
एकेक गोचीड उपटून रॉकेलच्या डब्यात टाकली.
तरी आमची काबरी कालवड गेलीच.
कानाखाली आधी लिंबाएवढी गाठ,
मग ताप, मग नाकातोंडातून फेस;
भर दुष्काळात, कोरड्या जमिनीवर
बुडून मेल्यासारखी मेली.
तिला विकून माझी फी भरायची होती.

मासाई त्याला ओल्टिकाना म्हणतात.
मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलाय तो:
रक्तातल्या पहारेकऱ्याच्या पोटात शिरून बसतो,
मारत नाही. म्हणतो, वाढ.
पहारेकरी दुभंगतो तसा तोही दुभंगतो,
वाटणी तंतोतंत, भांडण नाही.
कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं;
इथे कुंपणच पेरलं जातं,
आणि गाठ हे त्याचं पीक.

उपायही तसलाच.
भरल्या पोटाच्या गोचिडी वाटायच्या, गाळायच्या,
धूर ओकणाऱ्या थंड टाकीत गोठवायच्या,
आणि तोच जिवंत रोग वासराला टोचायचा;
त्याच मिनिटाला दुसऱ्या सुईनं औषध.
चोराला दार उघडून द्यायचं
आणि उंबऱ्यातच त्याचे पाय बांधायचे,
म्हणजे घरातली पोरं
त्याचं तोंड नीट बघून घेतील.

मंगळवारी सिरोन्काच्या गोठ्यापाशी नळी वितळवली.
एका नळीत चाळीस डोस.
वितळलेली नळी चार तास थांबते,
पुढे कुणासाठीही नाही.
वासरं भरली एकतीस.
"उरलेलं, कालोंडू?"
"मातीत."
म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकली.
टेकडीपलीकडे पारसालोईची वासरं होती.
विहिरीवरून सात वर्षं बोलणं नाही.
बराच वेळ गेला. बर्फाचं पाणी झालं.
मग नातवाला काही न सांगता
त्यानं नुसती काठी टेकडीकडे केली.
पोरगं सुटलं.

पारसालोई आला, सहा वासरं घेऊन,
सिरोन्काकडे न बघता.
शेवटचं वासरू लाथा झाडायला लागलं
तेव्हा हात कमी पडले;
सिरोन्का वाकला, त्यानं मागचे पाय धरले.
बोललं कुणीच नाही.
माझ्या वहीत: एकतीस, सहा, वाया तीन.

बाराव्या दिवशी परत गेले.
चौघांना ताप होता, कानाखाली गाठ,
लहान, बोराएवढी.
"हा रोग तूच दिलास," पारसालोईची बायको म्हणाली.
"हो," म्हटलं.
यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
त्या रात्री मी तिथेच, गाडीत झोपले.
झोपले म्हणजे, वासरांचं खोकणं मोजत पडले.

पुढच्या आठवड्यात गाठी विरल्या.
सदतीसच्या सदतीस चरायला गेली,
कानांत गोचिडी तशाच लटकलेल्या,
करड्या, टम्म, निर्धास्त.
विहिरीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

परतताना माझ्या मोज्यावर एक चढत होती.
बापाच्या सवयीनं चिमटीत धरली.
रॉकेल नव्हतं.
खिशातल्या नळीत घातली,
झाकण लावलं,
तारीख लिहिली.