उणे अडीच

गव्हाणे सरांनी वहीच पुढं केली.
फळ्यावर छत्तीस, वहीत तेहतीस.
फळ्यावर सेलू, वहीत मेलू.
सर हसले. मला हसता आलं नाही.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी अंधार केला,
भिंतीवर अक्षरं पेटवली.
वरचं मोठं अक्षर सुमेधला आलं,
खालच्या ओळीत त्यानं मुंग्या वाचल्या.
‘फोन किती वेळ बघतो?’
‘थोडाच,’ मी म्हणाले.
सुमेधनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.
दोन हातांवरचं त्याला सगळं स्वच्छ दिसतं.

लग्नसराईत चाळीस ब्लाऊज असतात, बाई.
पायात मशीन, तोंडात टाचण्या,
आणि लेकरू म्हणतं, खेळायला चल.
टाचण्या काढून नाही म्हणण्यापेक्षा
फोन सरकवणं सोपं होतं.
बाहेर ऊन हाय, घरात बस,
हेही मीच म्हणायचे.

‘रोज दोन तास बाहेर खेळू द्या.’
एप्रिलात? आमच्याकडं?
‘बरं, सकाळी. आणि फोन एक तासावर नको.’
तो तास कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.
रात्री नऊला त्याचे पप्पा चाकणहून फोनात येतात,
हा नाक काचेला टेकवून बोलतो,
तिकडून ते म्हणतात, अरे, नुसता डोळाच दिसायलाय तुझा.

चष्मा आला. दोरी लावलेला, निळ्या काड्यांचा.
दारात उभा राहून
जिनिंगकडं बघत राहिला किती तरी वेळ.
‘आई, तो कापूस हाय व्हय?’
‘मग?’
‘मला वाटायचं, ढग बसायलेत तिथं.’
दोन हंगाम गेले.
दोन हंगाम ह्याच्या गावात ढग जमिनीवर बसत होते
आणि ह्यानं कुणाला सांगितलं नाही,
सगळ्यांनाच तसं दिसतं म्हणून.

मागच्या पोळ्याला स्टेशनावर
पांढऱ्या शर्टाच्या भलत्याच माणसाला
जाऊन बिलगला होता.
तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

ह्या शनिवारी गाडी तासभर उशिरा.
लोक उतरले, गर्दी पांगली,
सुमेध जागचा हलला नाही.
दोन्ही हातांनी काड्या धरून
एकेक माणूस तपासत गेला,
पार शेवटच्या डब्यापर्यंत.
‘आई, पप्पा एवढे उंच हायत?’

मी बघितलं.
शर्ट मीच शिवलेला,
खांद्यात दोन बोटं ढिला झालेला.