खाली दिलेल्या जागेत

'स्वतः पाहिलं असेल तेवढंच लिहा,
खाली दिलेल्या जागेत.'
जागा माझ्या तळहाताएवढी.
सही कुठे करायची तिथे
ऑरिनच्या मुलीनं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीय.

तर मी, व्हर्जिल टास्टाड, वय चौऱ्याहत्तर,
राहणार मायनॉटच्या उत्तरेला, नॉर्थ डकोटा,
लिहून देतो की
एकाहत्तरच्या फेब्रुवारीत, जर्मनीत,
छावणीपासून चार मैलांवर,
अडीच टनी ट्रकच्या मागच्या फळीवरून
ऑरिन क्वाले खाली पडला.

पडताना मी पाहिला नाही.
आवाज ऐकला.
गोठलेल्या रस्त्यावर बटाट्यांचं ओलं पोतं आपटावं, तसा.
आरशात नुसता बर्फ.
ट्रक मी चालवत होतो.

तो मी चालवायला नको होता.
परवान्याची चिठ्ठी नव्हती, पोटात बिअर होती,
आणखी आणायला निघालो होतो.
ऑरिन म्हणाला, पाय हलतायत.
मी म्हणालो, मग डॉक्टरकडे जाऊ नकोस.
माझे घरी जायला सोळा दिवस राहिलेत.

तो गेला नाही.

म्हणून त्या महिन्याच्या नोंदीत आहे:
प्रकृती उत्तम. एक दाढ दुखते.
म्हणून 'सेवेशी संबंध सिद्ध होत नाही'
असं पत्र त्याला दोनदा आलं.
तपासणाऱ्या डॉक्टरनं अकरा मिनिटांत सांगितलं,
मणके झिजले ते बियाण्याच्या गोदामात,
एकतीस वर्षं पोती उचलून.
पोती उचलली हे खरं आहे.
डावा खांदा आधी द्यायचा, कंबर कधीच नाही,
हेही खरं आहे, ते कुणी विचारलं नाही.

मुलगी सांगते, कायदा फार मागत नाही.
असण्याची शक्यता नसण्याइतकी भरली की झालं,
काटा मधोमध आला तरी
संशयाचा फायदा शिपायाला.
आयुष्यभर धान्य जोखलेल्या माणसाला
मधोमध म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही.
पण पारड्यात टाकायला त्याच्याकडे काही नव्हतं.
होतं ते माझ्या खिशात,
त्रेपन्न वर्षं.

दर गुरुवारी आम्ही कॉफी प्यायला भेटतो.
तो उभ्यानं पितो.
खिडकीशी, कपाला दोन्ही हात लावून.
मी त्याला बस म्हणत नाही.
त्यानं हा कागद माझ्याकडे मागितला नाही.
मुलीलाही नाव सांगितलं नाही;
ती जुन्या फोटोच्या पाठीवरून शोधत आली,
म्हणाली, तुम्ही होतात का हो तेव्हा तिथे?
चुकून काही पाहिलंत?

पाहिलं ते सांगतो.
त्यानंतर नऊ दिवस
त्याला वाकता येत नव्हतं.
पहाटे, दिवे लागायच्या आत,
मी त्याच्या खाटेपाशी गुडघ्यावर बसायचो
आणि त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायचो.
उजव्या बुटाची एक नाडी तुटकी होती, तिला गाठ होती.
दहाव्या दिवशी तो म्हणाला, राहू दे, जमतंय.
जमत नव्हतं.
मी राहू दिलं.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
जागा संपली.
पुढचं कागदाच्या मागे लिहिलंय.
तिथे लिहू नये असं छापलेलं आहे,
तरी कृपया
पान उलटावं.