मुकं अक्षर

घरापासून शाळा चाळीस पावलं.
चाळिसाव्या पावलावर आजीची मिस पेली व्हायची.
चुकून 'नॅन' म्हटलं तर तिला ऐकूच यायचं नाही.
दिवसभर मी तिची कुणी नव्हते,
आणि चारनंतर तीच गुडघ्यांवर बसून
माझ्या मोज्यांतला बर्फ काढायची.

लँडर्स टिकल. अकरा घरं, एक चर्च,
माचांवर वाळत घातलेला कॉड,
आणि धुकं असं की घंटेच्या आवाजावर चालत शाळा गाठायची.
प्रत्येकानं सकाळी शेगडीसाठी एक लाकूड आणायचं.
क्लेम रोज ओलं आणायचा.
ती रागवायची नाही,
फक्त धूर जिकडे जाईल तिकडे त्याला बसवायची.

फळ्यावर लिहायची: नाइफ. नी. नॉट.
पहिल्या अक्षरावर खडू टेकवून विचारायची, हा कोण?
के, मिस. पण तो बोलत नाही.
"बोलत नाही म्हणून गैरहजर मांडू?"
आम्ही हसायचो.
ती हसायची नाही.

चर्चच्या वहीत, लग्नाच्या पानावर,
तिची सही आहे, रेघेवर बसलेली, ताठ.
शेजारी आजोबांची फुली.
त्या फुलीची अझराया पेली ही अक्षरं व्हायला
दोन हिवाळे लागले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
पाव फुगत ठेवलेल्या परातीच्या बाजूला.
मग तो लॅब्राडोरला मासेमारीला जाऊन पत्रं लिहू लागला.
ती लाल पेन्सिलीनं तपासायची
आणि पुढच्या बोटीनं परत पाठवायची.
तोही गुणी. चुकलेला शब्द मागच्या बाजूला
पाच-पाच वेळा लिहून धाडायचा.
'लाडके' हा शब्द एका पानावर पंधरा वेळा आहे.
त्याला तो खरंच येत नव्हता की काय, देव जाणे.

अठ्ठावन्नच्या ऑक्टोबरात त्याची बोट आली नाही.
सोमवारी तिनं शाळा भरवली.

सदुसष्टात सरकारचा माणूस आला, गाव उठवा म्हणाला.
घरांना रिकामी पिंपं बांधली, दोर लावले,
आणि एका भरतीला शाळा पाण्यात उतरली.
खाडी ओलांडताना फळा आतच होता,
शुक्रवारचे शब्द न पुसलेले.
पलीकडे मोठी शाळा होती, पिवळी बस होती,
प्रमाणपत्रवाल्या बाई होत्या.
आमच्या शाळेत तिनं बटाटे ठेवले.

पण लाल पेन्सिल काही सुटली नाही.
नाताळची कार्डं, नातवंडांच्या लग्नपत्रिका,
शेवटी शेवटी दवाखान्यातल्या जेवणाचा तक्ता:
सूपमध्ये एक चूक, पुडिंगमध्ये दोन.
नर्सनं तो जपून ठेवलाय.

एक्क्याण्णव वर्षं. मार्च. खाडीत अजून बर्फ.
कपाटाखाली खारवलेल्या मांसाची जुनी बादली निघाली,
तिच्यात पत्रं, सालवार.
सगळ्यांत वरचं ते शेवटचं.
त्यात त्याला लिहायचं होतं:
तू वाट पाहशील, मला ठाऊक आहे.
पुढचा मुका के सुटला, शेवटचा डब्ल्यूही,
आणि उरलं नुसतं 'नाही'.
तू वाट पाहशील, मला नाही.

त्या शब्दाभोवती लाल गोलाचा पुसट माग दिसतो.
गोल काढलेला, मग खोडलेला.
परत काढलेला असावा, हात थरथरता झाल्यावर,
आणि परत खोडलेला.
तिथे कागद इतका झिजलाय
की उजेडात धरला तर पलीकडचं माझं बोट दिसतं.

मी ते वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही.
क्लेम, साठीचा, उठून म्हणाला, शेगडी पेटवतो.
लाकूड ओलं होतं.
धूर घरभर झाला, सगळ्यांचे डोळे झोंबले.
बरंच झालं.