वाय, एन, एम

मे महिना. कूलरमधलं पाणी संपलंय,
तो नुसता गरम वारा हाकतोय.
गोळीबार चौकातल्या विणकर सोसायटीत
जुन्या डब्यापुढे मी,
कर्नल बांधायच्या आधीची प्रश्नावली उघडून.

ब्लूटूथ? नाही.
उपग्रहावरचा टीव्ही? नाही बाप्पा.
हॅम रेडिओ, जॉयस्टिक,
कधी न पाहिलेल्या साउंड कार्डांची अख्खी वस्ती –
नाही, नाही, नाही.
इतक्या सहज नाही म्हणायला
आजवर कुणी दिलं नव्हतं मला.

पॅरलल पोर्टही काढून टाकला.
मागून निखारेकाका:
"प्रिंटर चालन ना बे?
सोमवारी मजुरीच्या पावत्या काढाच्या आहे."

तो करकर्‍या, वाळल्या फितीचा,
अठ्ठ्याण्णवपासून त्याच पोर्टाला लटकलेला.

परत वर गेलो. एम दाबलं.
म्हणजे काका, कायमचा आत नाही,
पण हाक मारली की येणार.

"बदली कामगार," काका म्हणाले.
"एम्प्रेस मिलमधी सात वर्षं होतो ना मी.
पहाटे गेटपाशी उभं राहाचं.
कोणी आलं नाही, तर आत."

चष्मा पुसत राहिले.

पुढचा प्रश्न: फ्लॉपी?
बोट एनवर होतं.
काका, जरा थांबा.