लाईट गेल्यावर

चांदीची शाई पातळ झाली की रेघ फुटते,
घट्ट झाली की जाळी तुंबते.
तिसऱ्या धुण्यात तडकलेल्या पट्ट्या
ड्रॉवरमध्ये आहेत, तारखांसकट.

ही सतरावी. नरसय्यामामांच्या बनियनवर
डाव्या बरगडीपाशी इस्त्रीनं बसवलेली.
"शॉक नाही ना गं बसणार?"
म्हणत त्यांनी धोट्यात कांडी भरली.

अक्कलकोट रोडचं शेड, एप्रिल, तापलेला पत्रा.
लॅपटॉपवर ठोका दिसेचना;
दिसायचा तो माग,
खटक्-खटक्, बरगडीच्या आतसुद्धा.
रात्रभर बसून तो गाळला
तर खाली काही उरेना.

बुधवारी दुपारी लाईट गेली.
पट्टे सैलावत थांबले.
कुणीतरी वायरमनला तेलुगूत शिवी दिली,
ती मला पहिल्यांदा नीट ऐकू आली.
आणि पडद्यावर सुटी, स्वच्छ टोकं,
एकामागे एक. मी टाळी वाजवणार होते.

एकशे आठ.
नुसत्या बसलेल्या माणसाचे.

मामांची नजर मागावरच्या अर्ध्या चादरीवर,
तिथल्या मोराला अजून मान नव्हती.

मी वहीत लिहिलं: सिग्नल स्पष्ट, व्यक्ती विश्रांतीत.
मग 'विश्रांतीत' खोडलं.
दुसरा शब्द सुचेपर्यंत
लाईट आली.