निधान

आमच्या घरात बीम म्हणजे मागाच्या पाठीला लागतो तो.
लोखंडी, जड, दोघांनी उचलायचा,
हजारो तारा गुंडाळून आलेला.
भूमी म्हणाली, मॅडमनी मला बीमवर घेतलंय,
तेव्हा तिची आई पीठ मळता मळता थांबली :
एवढीशी पोर, आणि बीम भरायला?

मग आम्ही जाऊन बघितला.
रुंदीला माझी चार बोटं आणि अंगठा.
उंची माझ्या छातीला.
त्यावर ती चालली, वळली, एका पायावर उभी राहिली,
आणि मी खाली, खिशातली पावती चुरगाळत.

मागे उलटं जायचं, हातांवर,
आणि पाय परत तिथंच.
न बघता तिथंच.
वडगावच्या आमच्या बोळात, खडूच्या रेघेवर,
ती हे शंभरदा करते.
गंगव्वा भरली घागर घेऊन थांबते तिच्यासाठी.
वर चढली की नाही.

दोन्ही हात वर. श्वास.
हात खाली.
पुन्हा हात वर.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारपासून हे असं.
पाय निसटला, मांडी सोलली.
फार काही नाही, डॉक्टर म्हणाला.
फार काही नाही, मीही म्हणालो.

मी काय काय बोलून बघितलं.
घाबरायचं नसतं, म्हणालो,
मी, ज्याला पत्र्यावर चढताना
खाली शिडी धरायला माणूस लागतो.
सायकल घेऊन देतो, म्हणालो.
एकदा, सांगायला लाज वाटते, फीचा आकडा काढला.
त्या रात्री तिनं भाकरीचे नुसतेच तुकडे केले.

हुक्केरी मॅडम जास्त बोलत नाहीत.
तिच्या कमरेमागे हात धरतात, टेकवत नाहीत,
आणि म्हणतात, निधान, निधान.
त्यांच्या कन्नडात निधान म्हणजे सावकाश.
आमच्यात निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेला.
टिळकवाडीहून परत येताना
मी दोन्ही अर्थ हेल्मेटच्या आत घोळवत होतो.
मागे ती. गप्प. हनुवटी माझ्या पाठीला.

तार तुटली की माग थांबतो.
तीस वर्षांत मालकाला शिव्या दिल्या, विजेला दिल्या,
तुटल्या तारेला कधी नाही.
तिचं टोक शोधायचं, बोट ओलं करून,
सापडेपर्यंत दुसरं काही करायचं नाही.
एवढं एकच मला नीट येतं,
आणि घरी येताना तेच मी शेडमध्ये विसरून यायचो.

‘आज झालं का’ हे विचारणं बंद केलं.
विचारतो, गिरमीट की भजी.
शेडच्या कोपऱ्यात सागवानी तुळई पडून होती.
रंधून घेतली, टेपनं दोनदा मोजली,
जुनं घोंगडं ताणून ठोकलं,
दोन टोकांना एकेक वीट.
पंधरा दिवसांनी तीच म्हणाली, पप्पा, अजून एक लाव की.
लावली. मग अजून एक.
मग एका सकाळी म्हणाली, काढ.
काढली. का, ते विचारलं नाही.
आईनं विचारलं, तिला मी डोळ्यांनी दाबलं.

शनिवारी म्हणाली, तू बाहेरच बस.
पायरीवर बसलो.
मागांनी माझे कान निम्मे खाल्लेत,
पण तिचं मला ऐकू येतं :
हात टेकले की थप, पाय टेकले की थप,
आणि पडली तर गादीचा तिसरा आवाज, मोठा, मऊ.

आतून थप.
थप.

मी चपलेच्या तुटक्या अंगठ्याकडे बघत राहिलो.
तेवढ्यात खानापूरची बस गेली, हॉर्न दाबून धरलेली.
त्यात तिसरा आवाज असेल, नसेल.

ती बाहेर आली. तळहात पांढरे, भुकटीनं.
गुडघ्यावरही थोडी.
स्कूटरवर मागे बसली, टोपी नीट केली,
म्हणाली, भजी.