पेन्सिलीने लिहिलेला नियम

शनिवारी सकाळी सातला, ग्रिम्झबीच्या क्रीडा-सभागृहात
आम्ही समुद्र अंथरतो.
दोन मेजं जोडून वर निळं फेल्ट,
नेव्हिलच्या बायकोने काठ दुमडून दिलेलं,
तरी एका कोपऱ्यात सुरकुती उरतेच.
"ती लाट समजा," नेव्हिल म्हणतो. दरवर्षी.
खाली बॅडमिंटनच्या रेघा, वर ट्यूबलाइट,
शेजारच्या मेजावर धूळ नसलेल्या वाळवंटात रणगाडे,
आणि चहाच्या खिडकीपाशी आत्तापासून रांग.

मग डबे उघडायचे.
फोमच्या खाचेतून एकेक जहाज बाहेर येतं,
बोटाच्या पेराएवढं.
डोलकाठ्या टाचण्यांच्या, दोर शिवणाच्या दोऱ्याचे.
हे चौऱ्याहत्तर तोफांचं मी मार्चमध्ये बांधलं,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, खिडकीत बसून,
प्रत्येक गाठीला श्वास रोखून.
किती दिवस लागले, असं कुणी विचारलं
तर मी आकडा कमी करून सांगतो.

वारा म्हणजे पुठ्ठ्याचा बाण.
"त्याच्या तोंडावर जाता येत नाही.
बाकी सगळं विसरलात तरी चालेल."
मुलांना हे पटत नाही.
त्यांना मागे इंजिन हवं असतं.

टॅम्सिनला पटलं. वय नऊ, पुढचे दोन दात पडलेले.
तिने तिरकं तिरकं जात वारा पाठीशी घेतला
आणि फ्रिगेटची पिछाडी गाठली.
समोर ऑल्विन स्केल्टन,
डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच.
आधी कधी खेळलात? मी विचारलं होतं.
"ट्रॉलरवर होतो," तो म्हणाला,
जणू तेच उत्तर.

सहा फासे. चार षटकार.
कापसाचा धूर ठेवला, टाळ्या झाल्या,
मी फ्रिगेट उचलून डब्यात ठेवू लागलो
तसा तो म्हणाला, "आणि माणसं?"
कुठली माणसं?
"तिच्यावर किती होती?"
नेव्हिलने कार्ड वाचलं: दोनशे पंधरा.
"मग ती आता पाण्यात आहेत."

मी वही चाळली.
आग, टक्कर, फाटलेलं शीड,
दोर कापून दुसऱ्याच्या डेकवर उडी: तेरा नियम.
पाण्याचा एकही नाही.
त्याने खिशातून काड्यापेटी काढली
आणि निळ्यावर अकरा काड्या मांडल्या, सावकाश, अंतर ठेवून.
"एका काडीला वीस."
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात;
इथे काडीच बुडत होती.

मग त्याने आपलं मोठं जहाज,
ज्याने तो सहज जिंकला असता,
शिडं उतरवून तिथे आणून उभं केलं.
टॅम्सिनच्या तोफांच्या अगदी पट्ट्यात.

रणगाड्यांकडे कुणीतरी ओरडलं.
टॅम्सिनने माझ्याकडे पाहिलं.
मी पंच; मी बाणाकडे पाहिलं.
फासे तिच्या मुठीत खूप वेळ खुळखुळले.
"मलाही उचलता येतील का?"
नेव्हिल म्हणाला, नियमात नाही.
मी पेन्सिलने लिहिलं: चौदा.
प्रत्येक खेपेला एक काडी, वेग शून्य.

पुढे जे झालं त्याला लढाई म्हणता येणार नाही.
बघे पांगले. दोघं काड्यांसाठी चढाओढ करत राहिली;
ती मोठ्याने मोजायची, तो मनात.
मधेच तिला वडिलांनी हाक मारली.
तो चहा आणतो म्हणून गेला
आणि आला नाही.

पाच वाजता आवराआवर.
फोमच्या खाचा भरल्या, बाण पाकिटात गेला.
काड्या मोजल्या: दहा.
मेजाखाली वाकलो, गुडघा कुरकुरला.
सुरकुती सपाट करून पाहिली.
"व्हॅन उभी आहे," नेव्हिल म्हणाला,
"एक काडी तर आहे."
मग त्यानेच दुसरं टोक धरलं
आणि आम्ही समुद्र पुन्हा एकदा झटकला.